कॅसरोलच्या तळाशी दर वेळी पाणी का साचतं, आणि ते कसं थांबवायचं

कॅसरोल, म्हणजे पास्ता किंवा भात, भाजी आणि सॉस एकाच भांड्यात भरून ओव्हनमध्ये भाजलेलं जेवण, वरून एकदम मस्त दिसतं, चीज सोनेरी झालेलं, कडेला बुडबुडे येतायत, सगळे ताटं घेऊन बसलेत, आणि पहिला डाव आत घातला की त्या खड्ड्यात पाणी भरायला लागतं. पास्ता त्यात पोहतोय, भाजी एकीकडे, सॉस दुसरीकडे. रेसिपी बदलली तरी तेच, चीज वाढवलं तरी तेच, पंधरा मिनिटं जास्त ठेवलं तरी तेच. घरी कॅसरोल करणाऱ्या खूप जणांची ही तक्रार असते, आणि मला याच्यावर नीट बसून लिहायचंच होतं, कारण आठवड्याच्या मधल्या दिवशी कामावरून येऊन एका भांड्यात सगळ्यांचं पोटभर गरम जेवण होणं ही फार मोठी सोय आहे आणि निव्वळ या पाण्यापायी लोक ती सोडून देतात.

तर मुद्दा असा की कॅसरोलमधलं पाणी ओव्हनमध्ये आटत नाही. आपल्याला वाटतं अर्धा तास १८० डिग्रीला ठेवलंय म्हणजे आटेल की, पण ते १८० हवेचं तापमान असतं, आतलं जेवण जोवर ओलं आहे तोवर १०० च्या वर जातच नाही, आणि पाच सेंटीमीटर खोल भांड्यातून वाफ बाहेर पडायला फक्त वरची बाजू असते, त्यावरही चीजचा थर नाहीतर फॉइल. म्हणजे जे पाणी भांड्यात गेलं ते बहुतेक सगळं भांड्यातच राहतं, उलट भाजीला स्वतःचं पाणी सुटून त्यात भर पडते. म्हणून पाण्याचा सगळा हिशोब गॅसवरच, भांडं ओव्हनमध्ये जायच्या आधी संपवायचा. ओव्हनने फक्त सगळं एकजीव करायचं आणि वरचा थर खमंग करायचा, त्याच्याकडून याहून जास्त अपेक्षा ठेवली की घोळ होतो.

आत्ता भांडं समोर आहे आणि पाणी दिसतंय, त्यांनी आधी हे करा

भांडं एका बाजूला थोडं तिरकं करा (जाड कापड धरून, आणि खाली उलथनं टेकवून ठेवलं की सोपं जातं), पाणी कोपऱ्यात जमा होईल, ते डावाने किंवा मोठ्या चमच्याने काढून छोट्या पातेल्यात घ्या. फेकू नका, सगळी चव त्यातच उतरलेली असते. एक कप पाणी निघालं असेल तर एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर दोन चमचे गार पाण्यात कालवून त्यात घाला आणि ढवळत एक मिनिट चांगलं उकळू द्या, दाट झालं की परत कॅसरोलवर सगळीकडे ओता, चमच्याच्या टोकाने चार-सहा ठिकाणी हलकेच भोकं पाडा म्हणजे आत उतरेल. मग दहा मिनिटं न झाकता ओव्हनमध्ये. वरचा थर थोडा विस्कटतो पण जेवण वाचतं. पावाचा चुरा वरून घालून पाणी शोषून घ्यायचा उपाय काही जण सांगतात, तो मला पटत नाही, चुरा चिकट होतो आणि खाली पाणी तसंच राहतं.

पाणी कसं दिसतंय ते बघा

पुढच्या वेळी हे होऊ नये असं वाटत असेल तर त्या पाण्याकडे जरा नीट बघा. चमच्यात घ्या, उजेडात धरा. बहुतेक वेळा कारण तिथेच कळतं, आणि कारण न बघता उपाय करत बसलं की चीज आणि मैदा वाढवत राहतो आपण, आणि चव जाते ती वेगळीच.

नितळ, किंचित भाजीच्या रंगाचं पाणी असेल तर ते भाजीचं किंवा चिकनचं आहे. दुधाळ, पांढरट आणि पातळ असेल तर सॉस नीट आळलाच नव्हता. बारीक रवाळ कण आणि त्यांच्याभोवती पाणी दिसलं तर सॉस फाटलाय. आणि वर पिवळे तेलाचे थेंब तरंगत असतील तर ते चीजचं किंवा मांसाचं स्निग्ध, त्याचा पाण्याशी संबंधच नाही. कधीकधी यातली दोन कारणं एकत्र असतात, भाजीचं पाणी आणि पातळ सॉस ही जोडी तर फारच कॉमन, पण तरी एकेक करून बघू.

नितळ पाणी

भाज्यांमध्ये पाणी किती असतं याचा आपल्याला खरंच अंदाज नसतो. झुकिनी आणि टोमॅटोमध्ये साधारण ९४ ते ९५ टक्के पाणी, मशरूम, फ्लॉवर आणि कोबीत ९२ च्या आसपास, पालकात ९१, कांद्यातसुद्धा ८९. म्हणजे ५०० ग्रॅम मशरूम कापून कच्चेच घातले तर त्यांच्यासोबत जवळजवळ ४६० ग्रॅम पाणी भांड्यात गेलं, दोन कपांच्या जवळपास. सगळं सुटत नाही हे खरं, पण निम्मं सुटलं तरी मेहनतीने केलेल्या सॉसचं वाटोळं व्हायला तेवढं पुरे. आणि त्यात सॉसमध्ये मीठ असतंच, मीठ भाजीतलं पाणी बाहेर ओढतं, त्यामुळे कच्ची भाजी मिठाच्या सॉसमध्ये कालवून दोन तास ठेवली तर ओव्हनमध्ये जायच्या आधीच तळाशी पाणी दिसायला लागतं.

मशरूमचं उदाहरण घेते कारण ते एकदा जमलं की बाकी भाज्या आपोआप जमतात. पसरट पॅन घ्या, खोलगट कढई नको, खोलगट भांड्यात वाफ कोंडते आणि मशरूम उकडतात. पॅन चांगला तापू द्या, थोडं बटर किंवा तेल, मशरूम घातले की लगेच चिमूटभर मीठ. पहिली दोन मिनिटं काहीच होत नाही असं वाटतं. मग एकदम पाणी सुटतं, पॅनमध्ये तळं होतं आणि बरेच जण इथेच गॅस बंद करतात कारण मशरूम मऊ झालेले दिसतात. थांबायचं नाही. आच मोठीच ठेवा आणि कान द्या. पाणी आहे तोवर बुडबुड असा आवाज येतो, पाणी संपलं की तो आवाज बदलून चरचर व्हायला लागतो, आणि त्यानंतर एक-दोन मिनिटांत मशरूमच्या कडा तपकिरी होतात. आवाज बदलला म्हणजे काम झालं. साधारण आठ-दहा मिनिटं लागतात, आणि मशरूमचा ढीग आकाराने निम्म्याहून कमी होतो, तेव्हा सुरुवातीला जास्त वाटले तरी भरपूर घ्या.

झुकिनीला दुसरी पद्धत सोपी. चकत्या करून किंवा किसून चाळणीत मीठ लावून २०-३० मिनिटं ठेवा, मग मुठीत किंवा स्वच्छ कापडात पिळा. निघालेलं पाणी बघून पहिल्यांदा दचकायला होतं. नंतर सॉसमध्ये मीठ कमी घालायचं हे मात्र लक्षात ठेवा. फ्रोझन पालक असेल तर पूर्ण वितळवून, मूठ मूठ घेऊन दाबून पिळायचा, अगदी कोरडा गोळा होईपर्यंत, चाळणीत नुसता निथळला तर पुरत नाही. ब्रोकोली-फ्लॉवर पाण्यात उकडून घेतले तर तुऱ्यांमध्ये पाणी अडकून राहतं, ते दिसत नाही आणि ओव्हनमध्ये हळूहळू बाहेर येतं, त्यामुळे उकडल्यावर पाच मिनिटं ताटात पसरून वाफ जाऊ द्यायची, किंवा सरळ थोड्या तेलात २२० डिग्रीला १५ मिनिटं भाजून घ्यायचे, चवही दुपटीने चांगली लागते. फ्रोझन मटार आणि मका यांचा फारसा त्रास नाही, पण पाकिटातला बर्फ झटकून घ्या.

टोमॅटोच्या चकत्या वर मांडायच्या असतील तर आतला बियांचा गर काढून टाका आणि कागदावर टिपून घ्या. डब्यातला टोमॅटो वापरत असाल तर कांदा-लसणासोबत चमचा ओढल्यावर पॅनचा तळ क्षणभर दिसेल इतका आटवा.

चिकन कच्चं घालायची रेसिपी बऱ्याच ठिकाणी दिसते आणि ती वेळ वाचवते असं वाटतं. मला ती रोजच्या जेवणासाठी अजिबात आवडत नाही. कच्च्या चिकनला भरपूर पाणी सुटतं, आणि फ्रोझन होऊन वितळलेलं असेल तर अजूनच जास्त, शिवाय चिकन आत शिजेपर्यंत थांबलं की पास्त्याचा लगदा होतो. तुकडे आधी परतून किंवा उकडून घ्या, आदल्या दिवशीचं शिजवलेलं चिकन असेल तर त्याहून उत्तम.

दुधाळ पातळ पाणी

इथे सॉसचंच चुकतं, आणि बहुतेक वेळा प्रमाण बरोबर असूनही चुकतं. आधी प्रमाण सांगते. एक कप म्हणजे २४० मिली दुधाला एक मोठा चमचा मैदा आणि एक मोठा चमचा बटर घेतलं तर पातळ सॉस होतो, सूपसारखा. दोन-दोन चमचे घेतले तर मध्यम, तीन-तीन घेतले तर घट्ट. मोठा चमचा म्हणजे १५ मिलीचा, सपाट भरलेला, मैद्याचा तो साधारण ८ ग्रॅम होतो. पास्ता किंवा शिजवलेल्या भातासाठी मध्यम सॉस बरोबर कारण ते थोडं ओढून घेतात, आणि भाज्यांच्या कॅसरोलला मध्यम आणि घट्टच्या मधला, म्हणजे अडीच चमचे, कारण कितीही परतलं तरी भाजी थोडं पाणी सोडणारच.

आता प्रमाण बरोबर असून पातळ का होतो? कारण मैदा पूर्ण शिजलेला नसतो. मैद्यातला स्टार्च ६० डिग्रीच्या आसपास फुगायला लागतो, पण पूर्ण दाटपणा यायला ९५ च्या जवळ जावं लागतं. कडेला वाफ दिसली, सॉस जरा जाडसर वाटला, म्हणून बंद केला, तर तो अर्धवटच आळलेला असतो. बटरमध्ये मैदा मंद आचेवर एक-दोन मिनिटं परता, कच्चा वास गेला पाहिजे पण रंग बदलायला नको, मग दूध थोडं थोडं घालत फेटा, आणि मधोमध बुडबुडे फुटायला लागल्यावर आणखी दोन-तीन मिनिटं ढवळत उकळू द्या. चमचा बुडवून काढा, पाठीवरून बोटाने रेघ ओढा, रेघेच्या दोन्ही कडा जागच्या जागी राहिल्या तर झालं, सॉस ओघळून रेघ बुजली तर अजून हवंय. गुठळ्या झाल्या तर घाबरू नका, सरळ गाळणीतून गाळा.

कॉर्नफ्लोअर वापरत असाल तर मैद्याच्या निम्मंच लागतं, पण त्याचा सॉस जास्त वेळ उकळत ठेवला किंवा सारखा फेटला तर परत पातळ होतो. लिंबू, व्हिनेगर, टोमॅटो यांच्या आंबटपणातही स्टार्च तुटतो, म्हणून आंबट काही घालायचं असेल तर सॉस दाट झाल्यावर, शेवटी.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. आपल्या लाळेत स्टार्च तोडणारं एन्झाइम असतं. त्यामुळे चव बघितलेला चमचा परत सॉसमध्ये घातला, किंवा उरलेलं कॅसरोल कुणी भांड्यातूनच चमच्याने खाऊन तसंच फ्रीजमध्ये ठेवलं, तर दुसऱ्या दिवशी ते पाणचट झालेलं असू शकतं. घरात मुलं असतील तर हे होतंच, तेव्हा चव बघायला वेगळा चमचा आणि वाढून घ्यायला वेगळा डाव, एवढी शिस्त लावा.

रवाळ कण आणि पाणी

सॉस फाटलाय. दुधातलं केसिन नावाचं प्रोटीन आंबटपणा वाढून पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तितकं जास्त आंबट) ४.६ च्या आसपास आला की गोळा होतं, आणि टोमॅटो साधारण तिथेच कुठेतरी असतो, म्हणून टोमॅटो आणि दूध एकत्र उकळलं की हमखास हा प्रकार. उष्णता जास्त तितका फाटायचा धोका जास्त, फॅट जास्त तितका कमी. त्यामुळे लो-फॅट दूध, लो-फॅट दही हे पहिले फाटतात आणि ३५ टक्के फॅटचं घट्ट क्रीम सहसा टिकतं. रोज क्रीम घालायची गरज नाही, मैद्याचा शिजलेला सॉससुद्धा दुधाला सांभाळून घेतो कारण स्टार्चमुळे प्रोटीनचे कण एकमेकांना चिकटत नाहीत. म्हणून आधी दुधाचा सॉस पूर्ण करा आणि आटवलेला टोमॅटो त्यात थोडा थोडा मिसळा, उलटं करू नका. दही किंवा सावर क्रीम घालायचं असेल तर एक कपात एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर फेटून घ्या, गरम सॉसचे दोन-तीन डाव त्यात मिसळून ते कोमट करा, आणि मग ते गॅस बंद करून सॉसमध्ये. आणि ओव्हन १८० च्या वर नको.

अंड्याने बांधलेलं कॅसरोल असेल, म्हणजे पाव-अंडी-दूध असं, तर तिथे पाणी दिसलं की लोक अजून दहा मिनिटं ठेवतात, आणि ते नेमकं उलट आहे. अंडं जास्त शिजलं की आकसतं आणि धरून ठेवलेलं पाणी सोडून देतं. अंडं-दुधाचं मिश्रण ७५ ते ८० डिग्रीच्या आसपास सेट होतं, मध्यभाग भांडं हलवल्यावर किंचित थरथरतोय तेव्हाच बाहेर काढायचं, बाकीचं बाहेर आल्यावर होतं.

तेलाचे थेंब

चीज सॉसमध्ये घालताना सॉस उकळत असला की त्यातलं प्रोटीन आकसतं आणि फॅट बाहेर पडतं, आणि मग दोरीसारखे धागे आणि वर तेल. गॅस बंद करा, एक-दोन मिनिटं थांबा, मग मूठ मूठ चीज घालून ढवळा. ब्लॉकमधून स्वतः किसलेलं चीज पाकिटातल्या किसलेल्यापेक्षा छान वितळतं, कारण पाकिटातल्या चीजला चिकटू नये म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं. फार जुनं मुरलेलं चीज चवीला कितीही सुंदर असलं तरी वितळायला हट्टी, ते थोडंच घ्या आणि बाकी मऊ वितळणारं. प्रोसेस्ड चीजमध्ये इमल्सिफायर, म्हणजे फॅट आणि पाणी एकत्र धरून ठेवणारे, क्षार घातलेले असतात त्यामुळे ते फुटत नाही, चवीला साधं आहे पण सॉसला धरून ठेवायला थोडंसं मिसळलं तर उपयोगी पडतं. खिमा वापरत असाल तर परतल्यावर सुटलेलं तेल काढून टाका.

पाणी नाही, उलट कोरडंच होतं

काही जणांचा त्रास याच्या अगदी विरुद्ध असतो, सॉस भरपूर केला होता पण बाहेर आलं तर कोरडा गोळा. तो सॉस पास्त्याने पिऊन टाकलेला असतो. सुका पास्ता शिजल्यावर वजनाने साधारण दुप्पट होतो, आणि पूर्ण शिजवून घातला तरी ओव्हनमध्ये शोषत राहतो. म्हणून पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा दोन-तीन मिनिटं आधी काढा, दातांखाली आत बारीक कणी लागली पाहिजे, आणि सॉस मिसळल्यावर ते मिश्रण तुम्हाला हवं त्यापेक्षा जरा सैल दिसलं पाहिजे. भाजीच्या कॅसरोलमध्ये सैल दिसलं तर पाणी होणार आणि पास्त्याच्या कॅसरोलमध्ये सैल दिसलं तर बरोबर होणार, हा फरक डोक्यात पक्का बसला की अर्धी लढाई जिंकली. आदल्या रात्री भरून ठेवत असाल तर पास्ता आणि सॉस वेगवेगळे ठेवा. एकत्र ठेवायचेच असतील तर अर्धा कप दूध जास्त घाला.

बटाटे कच्चट राहणं हाही याच कुटुंबातला त्रास. टोमॅटोच्या किंवा कुठल्याही आंबट सॉसमध्ये बटाट्याच्या चकत्या लवकर मऊ होत नाहीत, आंबटपणामुळे पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन विरघळत नाही, मग तुम्ही वेळ वाढवत जाता आणि बाकी सगळं करपतं. आधी बोटचेपे उकडून घ्या. दुधाच्या सॉसमधले बटाटे असतील तर तीन मिलिमीटरच्या चकत्या त्याच दुधात गॅसवर आठ-दहा मिनिटं उकळून मग भांड्यात पसरा, आणि कापल्यावर धुवू नका, त्यांचा स्टार्च दुधाला दाट करतो. कच्चा तांदूळ घालायचा तर एकास दोन द्रव, तोही उकळता, आणि फॉइल कडांना घट्ट दाबून. रोजच्या धावपळीत त्यापेक्षा शिजलेला भात घ्या, फक्त तो शिजवल्यावर लवकर फ्रीजमध्ये गेलेला असावा, तासन्‌तास बाहेर राहिलेला भात परत गरम करून सुरक्षित होत नाही.

कडा करपल्या, मध्ये गार

हा भांड्याचा प्रश्न आहे. रेसिपी २३ बाय ३३ सेंटीमीटरच्या भांड्याची आणि आपल्याकडे २० बाय २० चं, मग सगळं त्यातच दाबून भरलं जातं. क्षेत्रफळ जवळजवळ निम्मं, म्हणजे थर जवळजवळ दुप्पट जाड. आणि थर दुप्पट झाला की उष्णता मध्यापर्यंत पोचायला वेळ दुप्पट नाही, चौपटीच्या आसपास लागतो, म्हणून दहा-पंधरा मिनिटं वाढवून काही होत नाही. दोन भांड्यांत वाटून घ्या, वर एक-दीड सेंटीमीटर जागा मोकळी ठेवा, एक आज आणि एक फ्रीजरला. विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, म्हणजे ओटीजीमध्ये, वरचा रॉड भांड्याच्या फार जवळ येतो, तिथे खालची जाळी आणि पहिली १५-२० मिनिटं फॉइल. पावाचा चुरा मात्र फॉइल काढल्यावर, शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांसाठी, बटर चोळून घालायचा, फॉइलखाली तो वाफेने ओला होतो.

सगळ्यात मोठा फरक पडतो तो सॉस आणि बाकी साहित्य गरम असतानाच भरलं तर. गॅसवरून थेट भांड्यात, भांड्यातून थेट आधीच तापलेल्या ओव्हनमध्ये, २०-२५ मिनिटांत तयार. फ्रीजमधून काढलेलं असेल तर १५-२० मिनिटं जास्त धरा, आणि काचेचं भांडं गार असताना कधीही तापलेल्या ओव्हनमध्ये सरकवू नका, तडकतं. फॅनचा ओव्हन असेल तर २० डिग्री कमी. ओव्हनचा काटा खरं सांगतो असंही समजू नका, १०-२० डिग्रीचा फरक बऱ्याच ओव्हनमध्ये असतो, आत ठेवायचा साधा थर्मामीटर असेल तर एकदा तपासून घ्या. मध्यभागी ७४ डिग्री झालं पाहिजे, चिकन-खिमा असेल तर याबाबतीत अंदाजाने चालू नका.

बाहेर काढल्यावर

दहा ते पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. भुकेच्या वेळी हे अवघड जातं मान्य आहे, पण उकळता सॉस नेहमीच पातळ दिसतो आणि थोडा निवला की स्टार्च धरतो, त्यामुळे जे पाणी वाटलं होतं त्यातलं बरंचसं या दहा मिनिटांत सॉस होऊन जातं. ओव्हन बंद केल्याबरोबर ताटं-पाणी घ्यायला सांगितलं की हा वेळ आपोआप निघतो. या काळात वर झाकण किंवा फॉइल घट्ट लावू नका, वाफेचं पाणी वरच्या थरावर पडतं.

उरलेलं दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, उथळ डब्यात, आणि तीन-चार दिवसांत संपवायचं. फ्रीजर करायचं तर वरचा चुरा न घालता, आणि एक लक्षात घ्या की मैदा किंवा कॉर्नफ्लोअरचा सॉस गोठून वितळला की पाणी सोडतो, तिथे तुमची काही चूक नाही, स्टार्चचा स्वभावच तो. रात्रभर फ्रीजमध्ये वितळवा, वर पाणी दिसलं तर सगळं एकदा खालवर ढवळा, कोरडं वाटलं तर दोन चमचे दूध घाला, फॉइल लावून १७० डिग्रीला मध्यभाग ७४ होईपर्यंत तापवा, आणि शेवटी फॉइल काढून चुरा घालून दहा मिनिटं. पास्ता नसलेलं आणि फ्रीजरसाठीच मुद्दाम करत असाल तर मैद्याऐवजी टॅपिओका स्टार्चने (साबुदाणा ज्या कंदापासून बनतो त्याच्या पिठाने) दाट केलेला सॉस वितळल्यावर बराच चांगला राहतो.